हैजचे दहा दिवस, तब्येतीचे सात

(युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलायला दिलेला विषय आहे मुलींची पाळी. पाळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षं अनेक मुलींना ती वेळीअवेळी येते आणि आली की दहा-दहा, पंधरा-पंधरा दिवस थांबत नाही. त्याबद्दल मी बोलणार आहे. विषय ऐकून मागच्या रांगेतले काही भाऊ उठायच्या तयारीत दिसतात. त्यांनी कृपा करून बसावं. मुलीला डॉक्टरकडे न्यायचं की नाही, तपासणीचे पैसे कोण देणार, गाडीवर कोण सोडणार, हे आपल्या बहुतेक घरांत अजून पुरुष ठरवतात. ज्याला ठरवायचं आहे, त्याला माहिती तर हवी.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. डॉक्टर नाही, आलिमाही नाही. सुट्टीच्या दिवशी आमच्या मोहल्ल्यात आठवी ते बारावीच्या मुलींना गणित आणि कॉम्प्युटर शिकवते. वह्या मिटल्या की मुली थोडा वेळ रेंगाळतात आणि मग हळू आवाजात प्रश्न येतात. सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न असा: "आपा, बारा दिवस झाले, अजून थांबलं नाही. आता नमाज पढायची का?"

या प्रश्नाचं उत्तर मुलीला घरात मिळतं. अम्मी सांगते, खाला सांगते, नाहीतर मदरशातल्या आपा सांगतात. पण त्याच्या मागोमाग यायला हवा असा दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही: बारा दिवस झाले, ते का? मी आज त्या दुसऱ्या प्रश्नाची बाजू मांडायला उभी आहे.

आधी पहिला प्रश्न नीट समजून घेऊ. फिकहमध्ये पाळीच्या रक्ताला हैज म्हणतात. हैजमध्ये नमाज माफ असते आणि ती नंतर भरून काढायची नसते. रोजे ठेवायचे नसतात, पण ते नंतर पुरे करायचे असतात. हैजची मुदत संपल्यावरही येत राहिलेल्या रक्ताला इस्तिहाजा म्हणतात. त्यात नमाज माफ नाही. गुस्ल करून, मग प्रत्येक नमाजच्या वेळेला वुजू करून पढायची. हनफी मतानुसार हैज कमीत कमी तीन दिवस आणि जास्तीत जास्त दहा दिवस. शाफई मतानुसार कमीत कमी एक दिवस-रात्र आणि जास्तीत जास्त पंधरा दिवस. देशावरचे आपण बहुतेक हनफी, कोकणातले बहुतेक शाफई. माझी अम्मी रत्नागिरीकडची आणि अब्बांचं घर सोलापूरचं. त्यामुळे आमच्या एकाच घरात दोन हिशेब चालतात, दादीचे दहा दिवस आणि नानीचे पंधरा.

गोंधळ इथेच होतो. मुलगी म्हणते नववा दिवस आहे, तर उत्तर मिळतं, "दहा दिवसांपर्यंत चालतं, किताबात लिहिलंय." लिहिलंय हे खरं. पण ते नमाज कधी माफ आणि कधी फर्ज, हे ठरवण्यासाठी लिहिलंय. किती दिवस रक्त गेलेलं मुलीच्या शरीराला झेपेल, हा त्या मसल्याचा विषयच नाही. नाहीतर रत्नागिरीच्या मुलीला पंधरा दिवस झेपतात आणि सोलापूरच्या मुलीला दहाच, असं म्हणावं लागेल. डॉक्टरांचा आकडा दोघींसाठी एकच आहे: सात. सात दिवसांपेक्षा जास्त चाललेली पाळी डॉक्टरला सांगायची. मजहबचा हिशेब नमाजसाठी ठेवा, तब्येतीसाठी हा सातचा ठेवा. दोन्ही हिशेब एकाच वहीत सुखाने राहतात.

आता कुणी म्हणेल, आपा, हे सगळं उघड बोलायचं का? आपल्या परंपरेत हा विषय कधी दाबलेला नव्हता. हजरत आयेशांनी सांगितलेली आणि सहीह बुखारीत आलेली हदीस आहे. फातिमा बिन्त अबी हुबैश यांनी थेट पैगंबरांना विचारलं की माझं रक्त थांबतच नाही, तर मी नमाज सोडून देऊ का. त्यांना उत्तर मिळालं की नमाज सोडू नकोस, हे हैजचं रक्त नाही, एका रगेतून येणारं आहे. उम्मे हबीबा बिन्त जहश यांना तर सात वर्षं हा त्रास होता, हेही हदीसमध्ये नोंदलेलं आहे. शरम वाटते म्हणून दीन समजून घ्यायचं टाळत नाहीत, याबद्दल हजरत आयेशांनी अन्सारच्या स्त्रियांची तारीफ केली होती. पुढे सोळाव्या शतकात इमाम बिरगिवी या तुर्की आलिमाने केवळ या विषयावर एक आख्खा रिसाला लिहिला. भावांनो, तो लिहिणारा पुरुष होता. त्याला लाज वाटली नाही.

त्या हदीसमधली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. न थांबणारं रक्त हे नेहमीच्या पाळीपेक्षा वेगळं आहे, हा फरक चौदाशे वर्षांपूर्वी केला गेला. नेहमीचं नाही म्हणजे त्याला काही कारण असणार. त्या काळी ते कारण शोधायची साधनं नव्हती. आज तालुक्याच्या गावातही रक्त तपासता येतं आणि सोनोग्राफी होते.

मग रक्त का थांबत नाही? पाळी दोन संप्रेरकांवर चालते. इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचं आतलं अस्तर वाढतं. मग अंडाशयातून बीज बाहेर पडतं आणि त्यानंतर प्रोजेस्टेरॉन तयार होतं. ते अस्तराला घट्ट धरून ठेवतं. बीज फळलं नाही तर प्रोजेस्टेरॉन कमी होतं, अस्तर एकदम गळतं आणि काही दिवसांत रक्त थांबतं. पाळी नवीन असताना मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी आणि अंडाशय यांचा मेळ पुरता बसलेला नसतो. पहिल्या वर्षात निम्म्याच्या आसपास महिन्यांत बीज बाहेरच पडत नाही. बीज नाही म्हणजे प्रोजेस्टेरॉन नाही. अस्तर वाढत राहतं, जड होतं आणि मग कधी इथून, कधी तिथून गळत राहतं. आमच्या भाषेत सांगायचं तर काम सुरू करायची आज्ञा पोचते, संपवायची पोचत नाही. बहुतेक मुलींमध्ये दोन-तीन वर्षांत हा मेळ बसतो.

म्हणून "वय आहे, बसेल हळूहळू" हे आपल्या नानी-दादींचं म्हणणं पुष्कळ वेळा खरं ठरतं. अडचण एवढीच की ते कुणाच्या बाबतीत खरं आणि कुणाच्या बाबतीत नाही, हे घरी बसून कळत नाही. थायरॉइडचा विकार असू शकतो. पीसीओएस असू शकतो, ज्यात पाळी महिनोन्‌महिने येत नाही आणि आली की थांबत नाही. आणि रक्त गोठण्याचा जन्मजात दोष असू शकतो.

या शेवटच्या कारणाची एक हकिकत सांगते. १९२४ साली फिनलंडच्या ओलांड बेटांवरून पाच वर्षांची एक मुलगी हेलसिंकीला डॉ. एरिक फॉन विलेब्रँड यांच्याकडे आणली गेली. जराशा जखमेनेही तिला रक्तस्राव होई. तिच्या भावंडांत आणि नात्यात अनेकांना तोच त्रास होता. डॉक्टरांनी घराण्याचा अभ्यास करून १९२६ साली या आजारावर लेख लिहिला. आजाराला आज त्यांचंच नाव आहे. ती मुलगी तेराव्या वर्षी, आपल्या चौथ्या पाळीत रक्तस्रावाने गेली. आज असा मृत्यू टाळता येतो, पण दोष वेळेवर ओळखला तर. पहिल्याच पाळीपासून फार रक्त जातं, नाकातून रक्त आलं की दहा मिनिटांत थांबत नाही, हिरड्यांतून येतं, काही न लागता अंगावर निळे डाग उठतात, दात काढल्यावर खूप रक्त गेलं होतं, घरात आणखी कुणाला असं होतं: यातलं काहीही असेल तर डॉक्टरला आवर्जून सांगा. रक्त गोठण्याच्या दोषांपैकी काही गंभीर प्रकार आई आणि वडील दोघांकडून आले तरच होतात. त्यामुळे चुलत-मावस भावंडांत लग्नं होतात अशा घराण्यांत ते जास्त दिसतात. आपल्याकडे अशी लग्नं होतात. अम्मी-अब्बा नात्यातले असतील तर डॉक्टरला सांगा. यात कुणाला दोष देण्यासारखं काही नाही, पण निदानाला त्याची मदत होते.

डॉक्टरकडे कधी जायचं, ते आता सरळ सांगते. मुलींनो, लिहून घ्या.

पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालली तर. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत एकवीस दिवसांपेक्षा कमी किंवा पंचेचाळीस दिवसांपेक्षा जास्त अंतर वारंवार पडत असेल तर. नव्वद दिवस पाळी आलीच नाही, एकदा जरी असं झालं तरी. दर एक-दोन तासांनी पॅड बदलावा लागत असेल, रात्री त्यासाठी उठावं लागत असेल, रुपयाच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी पडत असतील तर. पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी सुरू झाली नसेल तर. आणि तासाला एक पॅड पूर्ण भिजतो आहे, असं सलग दोन तास चाललं, चक्कर येते, छातीत धडधडतं, बसल्या जागी दम लागतो, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. त्याच वेळी, रात्र असली तरी, दवाखान्यात जा.

माझ्या भाचीचं सांगते. तिची आणि तिच्या अम्मीची परवानगी घेऊन सांगते आहे. आठवीत होती. पाळी सुरू होऊन वर्ष झालं नव्हतं. एकदा सुरू झालेलं रक्त तेवीस दिवस थांबलं नाही. घरातल्या मोठ्यांनी मसला अगदी बरोबर सांगितला: दहा दिवसांनंतर गुस्ल कर, वुजू करून नमाज पढ. पोरगी ते सगळं मनापासून करत होती. मध्ये एका दवाखान्यात नेलं, तर तपासणी न करताच सांगितलं गेलं, "लग्न झालं की होईल ठीक." तेविसाव्या दिवशी ती शाळेच्या जिन्यात कोसळली. हिमोग्लोबिन ६.४ निघालं. बारा असायला हवं. आठच्या खाली गेलं की त्याला तीव्र रक्तक्षय म्हणतात. दोन दिवस दाखल करून रक्त चढवावं लागलं. थायरॉइड, रक्त गोठण्याच्या तपासण्या, सोनोग्राफी, सगळं ठीक निघालं. कारण तेच, मेळ न बसण्याचं, म्हणजे "वय आहे" हे खरंच होतं. तरीही ती कोसळली. कारण साधं असलं तरी गेलेलं रक्त गेलेलंच असतं. तिला तीन महिने संप्रेरकांच्या गोळ्या आणि त्यानंतरही लोहाच्या गोळ्या दिल्या. आज ती दहावीत आहे, पाळी महिन्या-सव्वा महिन्याने येते, आणि खो-खोच्या टीममध्ये आहे.

डॉक्टरकडे न जाण्यामागे घरोघरी तीन भीती असतात. पहिली, आतून तपासतील. अविवाहित मुलीची सोनोग्राफी सहसा पोटावरून करतात आणि आतून तपासणी सहसा लागत नाही. आधी विचारा, अम्मीला खोलीत थांबू द्या, बाई डॉक्टर मागा. हे सगळं मागायचा तुम्हाला हक्क आहे. दुसरी भीती, गर्भाची चाचणी करायला सांगितली म्हणजे आमच्या मुलीवर संशय घेतला. तसं नाही. पाळी बिघडलेल्या कुठल्याही मुलीची ही चाचणी डॉक्टर करून घेतात, एक कारण यादीतून खोडण्यासाठी. तिसरी भीती गोळ्यांची. संप्रेरकांच्या ज्या गोळ्या गर्भनिरोधक म्हणून ओळखल्या जातात, त्याच इथे औषध म्हणून दिल्या जातात. त्यांनी पुढे मूल होत नाही, हा निव्वळ गैरसमज आहे. मात्र मुलीला अर्धशिशी असेल, घरात कुणाच्या पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली असेल, तर ते आधी सांगायला हवं. संप्रेरकं नसलेलं औषधही आहे: ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, रक्त जास्त जातं तेवढेच दिवस घ्यायचं. जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या शास्त्रज्ञ दांपत्याने ते १९६० च्या दशकात शोधलं. कुणाला काय द्यायचं, ते डॉक्टर ठरवतील. शेजारणीची चिठ्ठी आणून मेडिकलवरून गोळ्या घेऊ नका, आणि वेदनेसाठी ॲस्पिरिन तर नकोच, त्याने रक्त वाढतं.

रमजानबद्दल वेगळं बोलायला हवं. इस्तिहाजामध्ये रोजा ठेवता येतो, हा मसला बरोबर आहे. पण आजारी माणसाला रोज्यातून सवलत आहे आणि ती खुद्द कुराणात, सूरह बकरामध्ये दिलेली आहे. हिमोग्लोबिन सहा-सात असलेली, चक्कर येणारी मुलगी आजारी आहे. तिने ती सवलत घ्यावी आणि बरी झाल्यावर रोजे पुरे करावेत. लोहाची गोळी चालू असेल तर इफ्तारनंतर लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. इफ्तारचा चहा मात्र त्या गोळीपासून तासा-दोन तासांनी दूर ठेवावा, चहाने लोह अंगी लागत नाही. पूर्ण महिना रोजे व्हावेत किंवा उमरा व्हावा म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या काही मुली आपल्याच मनाने घेतात. तीही संप्रेरकंच आहेत. ती बंद केल्यावर काही दिवसांत रक्त येतं आणि ज्यांची पाळी आधीच विस्कटलेली, त्यांचा हिशेब आणखी चुकतो. डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका.

आणि एक विनंती. पाळीत रोजा नसलेली मुलगी भावाला, अब्बांना कळू नये म्हणून सहरीला उठून बसते आणि दुपारी स्वयंपाकघरात दार लोटून दोन घास खाते. जिच्या अंगातून रक्त जातं आहे, तिला आपण सगळ्यांत चोरून जेवायला लावतो. भावांनो, हे बंद करायला ना डॉक्टर लागतो, ना पैसा. तुम्ही एकदा म्हणा, "तू जेवून घे."

ही सगळी चर्चा मोजक्या मुलींपुरती नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. दहा मुलींमागे सहा. त्याला आहार, जंत अशी इतर कारणंही आहेत, पण आधीच कमी असलेलं रक्त दर महिन्याला दहा-बारा दिवस जात असेल तर काय होईल, हे सांगायला गणिताची गरज नाही. अशी मुलगी वर्गात पेंगते, चिडते, मार्क कमी पडतात. आपण म्हणतो, मोबाइलमुळे.

पैसा नाही, हे कारण काही घरांत खरं असतं. त्यांनी हे लक्षात ठेवावं: केंद्र सरकारने २०१४ साली राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. त्याखाली सरकारी दवाखान्यांत दहा ते एकोणीस वयाच्या मुला-मुलींसाठी स्वतंत्र सल्ला केंद्रं असतात. महाराष्ट्रात त्यांना मैत्री क्लिनिक म्हणतात. आशाताईंना विचारा, त्या जवळचं सांगतील. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी लोहाची आणि फॉलिक ॲसिडची आहे. शाळा सुटलेल्या मुलींना ती अंगणवाडीतून मिळते. मुलं होऊ नयेत म्हणून ती देतात, ही अफवा आपल्या वस्त्यांतही फिरते. ती अफवाच आहे.

आता काम काय करायचं? एक छोटी वही करा, मोबाइलमध्ये केलीत तरी चालेल. पाळी कधी सुरू झाली, कधी थांबली, दिवसाला किती पॅड लागले, एवढंच लिहायचं. हनफी फिकहमध्ये दहा दिवसांच्या पुढे रक्त गेलं, तर मुलीची नेहमीची आदत किती दिवसांची होती ते पाहून हैज ठरवतात. म्हणजे तारखा लक्षात ठेवणं आपल्याकडे दीनचाच भाग आहे. तीच वही डॉक्टरसमोर ठेवलीत की अर्धं निदान झालं. सहा महिन्यांच्या तारखा समोर असतील, तर "बसेल हळूहळू" म्हणून कुणालाही तुम्हाला परत पाठवणं कठीण जातं.

मुलींनो, अम्मीला जेव्हा विचाराल की नमाज पढू का, तेव्हा त्याच दमात विचारा की डॉक्टरकडे कधी जायचं. भावांनो, घरात हा प्रश्न कानावर पडला तर उठून बाहेर जाऊ नका. गाडीची किल्ली घ्या.

प्रश्न असतील तर आता विचारा. ज्यांना सगळ्यांसमोर विचारायचं नसेल, त्यांनी चिठ्ठीवर लिहून द्या, नाव लिहू नका.